पिनबॉलच्या यंत्रातील विजेचा दोष कसा शोधावा

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा मी कामगार कायद्याविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी पिनबॉलच्या यंत्राचे नाव कळवले. चिटणीसांनी पुन्हा फोन करून, ऐकण्यात काही चूक झाली नाही ना, याची खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. संघटनेच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाने खेळण्यावर बोलावे हे चमत्कारिक दिसते खरे. परंतु संघटनेत येण्यापूर्वी मी कारखान्यात विजेचे काम करीत होतो, आणि त्या कामात जे कळले ते या खेळण्याच्या आधाराने सांगणे मला सर्वांत सोपे वाटते.

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी बालपणी बॅगॅटेलची फळी पाहिली असेल. उतरती लाकडी फळी, तीवर ठोकलेले खिळे, मधूनमधून खळगे. स्प्रिंगच्या दांड्याने गोळी उडवावयाची आणि ती खिळ्यांवर आपटत कोणत्या खळग्यात पडते ते पाहावयाचे. पिनबॉल हा त्याच फळीचा अमेरिकेत वाढलेला मुलगा. डेव्हिड गॉटलिब याने १९३१ साली शिकागोत ‘बॅफल बॉल’ नावाचे यंत्र काढले आणि मंदीच्या त्या दिवसांत ते धडाक्याने खपले. त्यात वीज नव्हती. वीज आली १९३३ साली, हॅरी विल्यम्स याच्या ‘काँटॅक्ट’ या यंत्रात; खळग्यात पडलेली गोळी विजेच्या धक्क्याने पुन्हा बाहेर उडे आणि ती वीज कोरड्या बॅटऱ्यांतून घेतलेली असे. १९४७ साली ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात विजेने हलणारे छोटे दांडे आले. त्यांना फ्लिपर म्हणतात. तेव्हापासून गोळी खाली घरंगळू न देता पुन्हा वर टोलविणे खेळणाऱ्याच्या हाती आले. तोपर्यंत हा खेळ बव्हंशी दैवाचाच होता. म्हणूनच १९४२ साली न्यू यॉर्कचे महापौर ला ग्वार्डिया यांनी त्याला जुगार ठरवून बंदी घातली आणि यंत्रे हातोड्याने फोडविली. ती बंदी उठण्यास १९७६ साल उजाडले.

ही यंत्रे बहुतेक सारी शिकागोत बनली. आम्हा चळवळीतल्या माणसांना शिकागो हे नाव १८८६ च्या हेमार्केटमुळे आणि मे दिनामुळे पाठ असते. त्याच शहराने जगाला हे खेळणेही दिले, हे मला फार उशिरा कळले. ज्यात खुद्द शिकागोनेही पुष्कळ वर्षे ते खेळण्यास बंदी केली होती! १९७७ पासून दोन-तीन वर्षांत या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक पट्ट्या आल्या आणि जुनी पद्धत मागे पडली. मी बोलणार आहे ते त्यापूर्वीच्या, रिलेवर चालणाऱ्या यंत्रांविषयी.

असे एक यंत्र माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी जुन्या बाजारातून हौसेने आणले. ते बंद होते. ‘तुम्ही पूर्वी रिलेची पॅनेल दुरुस्त करीत होता ना?’ म्हणून मला बोलावणे आले. मी गेलो, काच काढली, खेळाची फळी वर उचलून टेकविली, आणि खाली जे दिसले ते पाहून पाच मिनिटे काही न बोलता उभा राहिलो. रंगीत तारांच्या जाड जुड्या, चाळीसएक रिले, पितळी पत्त्यांच्या स्विचांच्या थप्प्या, आणि तळाशी सावकाश फिरणारी एक मोटर. तिच्या दातेरी चकत्यांनी त्या पत्त्या उघडाव्या नि मिटाव्या अशी योजना. संगणक नाही, ट्रान्झिस्टर नाही. तरीही हे यंत्र किती गुण झाले, कितवी गोळी चालू आहे, कोणता दिवा पेटलेला आहे हे सारे लक्षात ठेवते.

ते लक्षात ठेवते कसे, हे आधी समजले पाहिजे. नाहीतर दोष शोधणे म्हणजे काळोखात चाचपडणे. कारखान्यातील मोटरचा स्टार्टर आपण पाहिला असेल. हिरवे बटण क्षणभर दाबून सोडले तरी मोटर चालूच राहते. का? बटण दाबताच आतील कॉइल चुंबक बनते, लोखंडी पट्टी ओढते, आणि त्या पट्टीबरोबर आणखी एक लहानसा पॉइंट मिटतो. तो पॉइंट कॉइललाच वीज पुरवितो. म्हणजे कॉइलने स्वतःचा हात स्वतःच धरून ठेवला. लाल बटण तो हात सोडविते. पिनबॉलमधील बहुतेक स्मरण हे असेच आहे: गोळीचा क्षणिक स्पर्श होतो, एक रिले स्वतःला धरून बसतो, आणि मोटर फिरून त्याचे काम झाले की दुसरा स्विच त्याला सोडवितो. पन्नास गुण द्यावयाचे असतील तर मोटर एका फेऱ्यात दहाचे पाच ठोके देते आणि गुणांचे चक्र पाच घरे पुढे सरकते. ज्याला हिरवे बटण समजले त्याला हे निम्मे यंत्र समजले.

आता बंद यंत्रापुढे आपण उभे आहोत असे समजा. पहिले काम बटण दाबण्याचे नव्हे. प्लग काढून ठेवा आणि डोळ्यांनी पाहा. ही यंत्रे अमेरिकेच्या ११५ व्होल्टसाठी केलेली; आपल्या २३० व्होल्टवर थेट लावली तर पहिल्याच मिनिटाला सगळा प्रश्न मिटेल! मध्ये व्होल्टेज उतरविणारा ट्रान्सफॉर्मर हवा. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, तिकडे ६० ची. म्हणून मोटर इकडे जराशी संथ फिरते आणि आतील ट्रान्सफॉर्मर थोडा अधिक तापतो, तेवढे धरून चालावे. जुन्या यंत्रांची दोरी दोन तारांचीच असते, अर्थिंग नाही. रबर वाळून तडकलेले. नाण्याचे दार लोखंडी, कडेच्या पट्ट्या लोखंडी, आणि खेळणाऱ्याचे दोन्ही हात त्यांवरच. तडकलेली एक तार दाराला टेकली की खेळणारा मूल असो वा म्हातारा, वीज त्याच्यातून जमिनीकडे जाणार. तेव्हा तीन तारांची नवी दोरी घालून ट्रान्सफॉर्मरची चौकट, दार आणि पट्ट्या अर्थला जोडल्याखेरीज पुढच्या कामाला हात लावू नये. मी त्या गृहस्थांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘आधी चालते का ते तर बघू.’ मी म्हणालो, आधी दोरी. त्यात एक संध्याकाळ गेली आणि ते थोडे रुसले.

आतील ट्रान्सफॉर्मर ही वीज दोन भागांत उतरवितो: दिव्यांना सुमारे ६ व्होल्ट आणि कॉइलींना सुमारे २४ ते ३० व्होल्ट, काही यंत्रांत ५०. प्रत्येक वाटेवर फ्यूज असतो. आणि येथेच जुन्या यंत्रात हमखास एक पाप सापडते. ‘१० अँपिअर’ अशी चिठ्ठी चिकटविलेली असते आणि तिच्या शेजारी कोणीतरी जाड तांब्याची तार गुंडाळलेली असते. आमच्याकडेही तीच निघाली. फ्यूज वारंवार जातो म्हणून कंटाळून केलेले हे काम. पण फ्यूज जातो तो सांगण्यासाठी की पुढे कोठे तरी वाट चुकली आहे. त्याचे तोंड बंद केले की तीच वीज लाकडी पेटीत, वर्षानुवर्षांच्या धुळीत आणि वाळलेल्या आवरणात आपली जागा शोधते.

फ्यूज जात असेल तर नवे फ्यूज जाळीत बसू नये. आपले वायरमन ज्याला सिरीज बोर्ड म्हणतात त्याच युक्तीने, फ्यूजच्या जागी त्या व्होल्टेजला साजेसा मोठा दिवा लावावा. २४ व्होल्टच्या बाजूला ट्रकचा दिवा चालतो. पुढे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटेल आणि बाकी काही जळणार नाही. मग एकेका कॉइलची तार सोडवीत जावे. जी सोडवताच दिवा विझला, दोष तिच्या वाटेवर. यंत्र चालू करताच दिवा लख्ख होत नसेल आणि अमुक एका जागी गोळी लागल्यावरच होत असेल, तर शोध अर्धा झालाच. ती कॉइल मीटरवर मोजावी. धक्का देणारी चांगली कॉइल काही ओहम दाखविते. जवळजवळ शून्य दाखवीत असेल तर आतील लाखेचे आवरण जळून वेढे एकमेकांना चिकटले आहेत.

याच्या उलट प्रकार अधिक वेळा भेटतो: फ्यूज शाबूत, पण काम होत नाही. एक बंपर घ्या. गोळी त्याच्या घेराला टेकली की खालचा स्विच मिटतो, कॉइल कडे खाली ओढते आणि गोळी दूर फेकली जाते. गोळी टेकते आणि बंपर मख्ख बसतो. नवशिका कॉइल बदलतो. अनुभवी माणूस एक लांब तार घेतो, दोन्ही टोकांना चिमटे लावलेली. एक टोक फ्यूजच्या पुढे, जेथे वीज आहे हे ठाऊक आहे तेथे अडकवितो. दुसरे टोक कॉइलच्या स्विचकडील पायाला क्षणभर टेकवितो. कॉइलने खाडकन ओढले? मग कॉइल ठीक, परतीची तारही ठीक. आता खालचा स्विच बोटाने मिटून धरावा आणि टोक स्विचच्या पलीकडे टेकवावे. ओढले? स्विचही ठीक. असे फ्यूजच्या दिशेने एकेक पाऊल मागे यावे. ज्या पावलाला कॉइल गप्प बसली, त्या पावलात ओलांडलेला स्विच, सांधा किंवा तारेचा तुकडा हाच दोषी. हे फक्त २४ व्होल्टच्या बाजूला करावयाचे. ट्रान्सफॉर्मरच्या मागे, जेथे मुख्य वीज आहे, तेथे असल्या तारेने चाचपणी करणे म्हणजे आत्महत्या.

शंभरातील बहुतेक दोष कोणत्या तरी पत्तीच्या पॉइंटवर येऊन थांबतात. ज्यांनी जुनी स्कूटर चालविली आहे त्यांना पॉइंट साफ करणे म्हणजे काय हे सांगावयास नको. येथे पॉइंट दोन जातीचे. हलक्या कामाचे चांदीचे. त्यांच्यामधून जाड कागदाची पट्टी दोन-चार वेळा ओढली तरी पुरते. भारी कामाचे टंगस्टनचे. त्यांना बारीक कानसच हवी. पॉलिशपेपर दोहोंनाही वर्ज्य, कारण त्याची खर पॉइंटवर बसते. आणि पत्त्या वाकविताना हात आवरावा. पॉइंट मिटताना एकमेकांवर किंचित घासले पाहिजेत. त्या घसटीनेच ते स्वतःला स्वच्छ ठेवतात. उत्साहाच्या भरात सगळ्या पत्त्या ‘सरळ’ करणाऱ्या माणसाने एका दोषाचे दहा केलेले मी पाहिले आहेत. तेल तर स्विचच्या आसपासही नको.

फ्लिपरची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. त्याच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात: एक जाड तारेचे, जोरात ओढणारे, दुसरे बारीक तारेचे, नुसते धरून ठेवणारे. दांडा पूर्ण वर गेला की शेवटास एक लहान स्विच उघडतो आणि बारीक वेटोळे जाड वेटोळ्याच्या वाटेत येते. प्रवाह एकदम कमी होतो; म्हणून खेळणाऱ्याने बटण दाबून धरले तरी कॉइल जळत नाही. आता तो स्विच मळला, तर बारीक वेटोळे पहिल्यापासूनच वाटेत येते आणि फ्लिपर दुबळा पडतो. तोच स्विच उघडेनासा झाला, तर जोराचा प्रवाह अखंड वाहतो आणि थोड्याच वेळात कॉइलमधून धूर येतो. दोन्ही वेळा लोक काय करतात? कॉइल बदलतात. पहिल्या वेळी कॉइल चांगली असते. दुसऱ्या वेळी ती खरोखरच जळलेली असते, पण गुन्हा तिचा नसतो. नवी घातली तर तीही जळते.

हे पाहताना मला एका कारखान्यातील चौकशी आठवली. तेथील एका प्रेसच्या पॅनेलमधील काँटॅक्टरची कॉइल एका महिन्यात तीनदा जळाली. तिन्ही वेळा रात्रपाळीला एकच वायरमन होता. त्याच्यावर आरोपपत्र आले: निष्काळजीपणाने कॉइल जोडल्या, उत्पादनाचे नुकसान केले. तो निलंबित झाला. मी त्याच्या बाजूने चौकशीस बसत होतो. तिन्ही जळक्या कॉइली टेबलावर पुराव्यादाखल मांडल्या होत्या. पॅनेल मात्र कोणी उघडले नव्हते. मी ते उघडण्याची मागणी केली, तेव्हा चौकशी अधिकारी म्हणाले, ‘चौकशी माणसाची आहे, यंत्राची नाही.’ मराठीत तारेतल्या बिघाडालाही दोष म्हणतात आणि माणसाच्या अपराधालाही. अधिकारी महाशयांनी एका दोषाच्या जागी दुसरा ठेवला होता इतकेच. चौथ्या बैठकीस पॅनेल उघडले. काँटॅक्टरचा प्लास्टिकचा मार्गदर्शक झिजून कलला होता, त्यामुळे लोखंडी पट्टी चुंबकावर पुरती बसत नव्हती. मिलीमीटर-दीड मिलीमीटर फट राहत होती. आपल्या घरची वीज उलटसुलट वाहणारी आहे. अशा विजेवरील चुंबकात फट राहिली तर कॉइल प्रवाहाला पुरेसा विरोध करू शकत नाही, आणि ठरल्याच्या कित्येक पट प्रवाह तीतून वाहत राहतो. तो काँटॅक्टर महिनाभर मोठ्याने गुरगुरत होता, हे पाळीवरच्या सगळ्यांनी ऐकले होते. विचारले कोणाला नव्हते.

आरोपपत्र मागे घेतले गेले. दरम्यान तो वायरमन अडीच महिने निम्म्या निर्वाहभत्त्यावर राहिला होता. कामावर परतल्यावर त्याने बिघाडाच्या वहीत सही करणे सोडले. ‘मी दुरुस्ती करतो, लिहिणारा दुसरा बघा,’ असे तो सांगे. मी त्याची पुष्कळ समजूत घातली. ती पटली नाही, आणि त्याचे चुकले असे मला आजही म्हणवत नाही.

असो. पुन्हा आपल्या यंत्राकडे येऊ. दोरी झाली, फ्यूज झाला, फ्लिपर झाले. सुरू करण्याचे बटण दाबले तर तळची मोटर फिरू लागली ती फिरतच राहिली. या जातीच्या यंत्रातील हा सर्वांत प्रसिद्ध रोग. खेळ सुरू होताना यंत्र आधी मागचे सगळे पुसते: मोटर फिरत राहून गुणांच्या प्रत्येक चक्राला ठोके देते आणि प्रत्येक चक्र शून्यावर आले की आपला स्विच उघडून ‘मी पोहोचलो’ असे कळविते. सगळी पोहोचली की मोटर थांबते. एक जरी पोहोचले नाही, किंवा पोहोचूनही कळविले नाही, तरी मोटर वाट पाहत फिरत राहते. मोटर थांबत नाही म्हणून मोटर उघडणारे असतात. पाहावयाचे ते हे की कोणता रिले ओढलेलाच राहिला आहे. तो सापडला की नकाशा घ्यावा. नकाशात दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या वाटा असतात. स्विच कोणत्या स्थितीत काढले आहेत ती टीप आधी वाचावी, नाहीतर मिटलेला तो उघडा समजून दिवस वाया जातो. मग त्या रिलेला धरून ठेवणाऱ्या पायरीवरील एकेक स्विच प्रत्यक्ष पाहावा. आमच्या यंत्रात शेकड्याचे चक्र ८ वर अडकले होते. कॉइल ठीक, पॉइंट ठीक. जुने ग्रीस वाळून डिंकासारखे झाले होते आणि चक्राचा दाता पुढे सरकत नव्हता. विजेचा दोष म्हणून दोन संध्याकाळी जो शोधला तो रॉकेलच्या फडक्याने गेला.

मधूनच चालणारे आणि मधूनच रुसणारे यंत्र मात्र माणसाची परीक्षा पाहते. तेथे शंका घ्यावी ती मागच्या उभ्या पेटीला जोडणाऱ्या मोठ्या प्लगांवर आणि सुटत आलेल्या झाळणीवर. यंत्र चालू ठेवून सुक्या लाकडी काडीने एकेक जुडी हलवीत जावे आणि दिवा केव्हा लुकलुकतो ते पाहावे. ‘टिल्ट’लाही विसरू नये: खेळणाऱ्याने यंत्र हलवू नये म्हणून पेटीत एक लोंबता लंबक असतो, तो कड्याला टेकला की खेळ बंद. लंबक कड्याला चिकटूनच राहिला, तर निर्दोष यंत्रही मेल्यासारखे पडून राहते.

त्या यंत्राच्या पेटीच्या आतील लाकडावर, नाण्याच्या दाराजवळ, पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी आम्हाला सापडल्या: तारखा, आणि प्रत्येकीपुढे काय दुरुस्त केले ते दोन-तीन शब्दांत. कोणा अमेरिकन मेकॅनिकने लिहून ठेवलेले, नाव नव्हते. शेवटच्या ओळीत उजव्या फ्लिपरची कॉइल बदलल्याची नोंद होती, आणि तिच्या वरच्या ओळीतही तीच. मी पेन्सिल मागून घेतली, खाली तारीख घातली आणि लिहिले: दोरी तीन तारांची केली, तांब्याची तार काढून १० अँपिअरचा फ्यूज घातला, उजव्या फ्लिपरचा शेवटचा स्विच नीट केला. कॉइल जुनीच.